आई की सासूबाई : एकच पर्याय निवडा

एप्रिल उजाडला की नवी मुंबईत दोन बाजार तापतात. एक तुर्भ्याच्या एपीएमसीतला, हापूसचा. दुसरा ऐरोली, महापे, घणसोलीच्या काचेच्या इमारतींतला, नोकरीतल्या सुविधांचा. पहिल्या बाजारात आपला माणूस पेटी उघडायला लावतो, वरचा थर बाजूला करून खालचा बघतो, देठाशी नाक नेतो, ‘देवगड म्हणताय, पण कर्नाटकचा दिसतोय’ असा संशय घेतो आणि शंभर रुपये कमी करून मगच पेटी उचलतो. तोच माणूस दुसऱ्या बाजारात पाच लाखांचा आरोग्य विमा, आईवडिलांची म्हातारपणची सोय आणि आपल्या पश्चात घरी येणारी रक्कम या सगळ्याचा निकाल दीड मिनिटात लावतो. ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’ या चौकोनात टिचकी मारतो आणि चहाला जातो.

या दुसऱ्या बाजाराचं ऑफिसातलं नाव ‘एनरोलमेंट विंडो’. ‘विंडो ओपन झाली का?’, ‘कधी क्लोज होतेय?’ ही चौकशी त्या दिवसांत लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि ठाणे-वाशी लोकलच्या दारात सुरू असते. ज्या इमारतींची एकही खिडकी वर्षभर उघडत नाही, तिथे ही एवढीच काय ती उघडते. काही कंपन्यांत ती जानेवारीत उघडते, काहींत ऑक्टोबरात. आंबा असो वा नसो, गोंधळ तोच.

एचआरची पहिली मेल येते, ‘कळवण्यास आनंद होतो की’. ती कोणी उघडत नाही, कारण एचआरला आनंद झाला म्हणजे आपलं काहीतरी कापलं जाणार हे अनुभवी माणसाला ठाऊक असतं. दुसरी मेल ‘आठवण’, तिसरी ‘शेवटची आठवण’, चौथी ‘शुक्रवार संध्याकाळी सहापर्यंत’. शुक्रवारी साडेपाचला अख्खी इमारत एकाच वेळी पोर्टलवर तुटून पडते आणि पोर्टल मान टाकतं. मग पाचवी मेल येते, ‘मुदतवाढ’. आपला भरवसा पहिल्यापासून या पाचव्या मेलवरच असतो.

या आठवड्यात माणसांचे स्वभाव उघडे पडतात. एक असतो एक्सेलवाला. तो तीन रंगांचा तक्ता करतो, प्रत्येक पर्यायाचा वीस वर्षांचा हिशेब मांडतो, कॅन्टीनमध्ये लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवतो आणि शेवटी बायको सांगेल ते भरतो. दुसरा ‘तू काय घेतलंस?’वाला. याला अटी वाचायच्या नसतात, शेजारच्या खुर्चीवरून उतरवून घ्यायच्या असतात. दहावीपासूनची सवय. त्यामुळे शेजारी जर दुसऱ्या बाळाच्या तयारीत असेल, तर हा पंचवीस वर्षांचा अविवाहित गडीही बाळंतपणाची वाढीव रक्कम घेऊन मोकळा होतो. तिसरा ‘मला काय होतंय?’वाला. हा सकाळी पाम बीच रोडवर धावतो, त्याचे फोटो टाकतो आणि विमा हा न धावणाऱ्यांसाठी असतो असं समजतो. चौथा ‘कंपनी देतेय ना, मग घे’वाला. पैसे कंपनी देत नसून आपल्याच सीटीसीतून जातायत, हा उलगडा त्याला पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात होतो.

या चौघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं. जे लहान आणि दिसणारं आहे, त्यावर तासभर चर्चा करायची. जे मोठं आणि न दिसणारं आहे, त्यावर ‘नेक्स्ट’ दाबायचं.

फूड कुपनचंच घ्या. एका जेवणाला ५० रुपये करमुक्त, हा नियम कित्येक वर्षं होता. ऐरोलीच्या फूड कोर्टात ५० रुपयांत जेवणाची चौकशी करता येते, जेवण येत नाही. तरी ती कुपनं पूर्ण घ्यावीत की अर्धी, यावर दोन टीममध्ये अबोला होऊ शकतो. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता पाहा. करात सूट कित्येक वर्षं महिन्याला १०० रुपये होती, तीही दोनच मुलांपुरती. कायदा करणाऱ्याने कुटुंबनियोजन आणि काटकसर एका वाक्यात बसवली. नेरूळच्या आजच्या शाळेत १०० रुपये घेऊन गेलात तर सुरक्षारक्षक तुम्हाला सुट्टे हवेत असं समजेल. पण फीची पावती स्कॅन करायला, ती अपलोड करायला, ‘अस्पष्ट आहे’ म्हणून परत आली की पुन्हा स्कॅन करायला माणूस अर्धा शनिवार देतो.

प्रवासभत्ता म्हणजे एलटीए, ही तर गोष्टच वेगळी. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवास, तेही भारतातल्या भारतात, आणि सूट फक्त भाड्यावर. हॉटेल, जेवण, हाऊसबोट हे आपलं आपण. २०२२ ते २०२५ हा गट संपला आणि २०२६ पासून नवा सुरू झाला. गट संपत आला की लोक देवदर्शनाला निघतात. देवाला वाटतं भक्ती वाढली. भक्ताच्या पाकिटात बोर्डिंग पास जपून ठेवलेला असतो.

गंमत अशी की या सगळ्या सवलती प्रामुख्याने जुन्या करपद्धतीतल्या. २०२३-२४ पासून नवी पद्धतच मूळ पर्याय झाली आहे. तुम्ही काही सांगितलं नाही, तर तुम्ही नवीनच. तरी नवी पद्धत निवडलेला माणूस भाड्याच्या पावत्यांवर घरमालकाची सही आणायला बेलापूरला जाऊन आलेला असतो. तिथे त्याला चहा मिळतो, सवलत मिळत नाही.

भाड्यावरून आठवलं. १९६२ च्या आयकर नियमांनी घरभाड्याच्या सवलतीच्या हिशेबात पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना दिली, बाकी सगळ्यांना ४० टक्के. नवी मुंबई ‘बाकी सगळ्यांत’. नावात मुंबई, भाड्यात मुंबई, ट्रॅफिकमध्ये मुंबई, सवलतीत मात्र आम्ही तालुक्याचं गाव. ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडून मुलुंडला राहायला गेलं की माणूस १० टक्क्यांनी महानगरवासी होतो, आणि परतीच्या टोलनाक्याशी पुन्हा ग्रामीण. सिडकोने १९७० पासून शहर वसवलं, १९९२ पासून स्वतंत्र महापालिका आली, विमानतळही झाला, पण या पुलाखालचं पाणी काही त्या नियमाने ओलांडलं नाही. आता १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे, तेव्हा असे सगळे आकडे चालू वर्षाच्या तक्त्यातच बघावेत. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर भांडू नये.

नव्या पद्धतीतही एक गोष्ट टिकून आहे आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कंपनीने तुमच्या नावे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरलेली रक्कम मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत करातून वगळली जाते. खासगी नोकरदारांसाठी ही मर्यादा १० वरून १४ झाली ती जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात. पोर्टलवर हा पर्याय बहुधा शेवटच्या पानावर असतो. हातात येणारा पगार कमी होतो आणि पैसे बरेचसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे खरं. पण ज्यांचा कर जास्त आणि कर्जाचा हप्ता कमी, त्यांनी फूड कुपनवरचा तासभर इथे खर्च केला तर काही बिघडणार नाही.

असो. खरा प्रसंग पुढे आहे. तिसऱ्या पानावर पोर्टल विचारतं : आईवडील की सासूसासरे? एकच जोडी निवडा.

बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत दोन्ही जोड्या घेता येत नाहीत. ‘माझी आई आणि तिचे बाबा’ अशी मिश्र दुहेरीही चालत नाही. त्या एका गोल बटणावर मराठी संसाराची सगळी धुसफूस येऊन बसते.

‘अरे, माझ्या बाबांना शुगर आहे. तुझ्या बाबांना नुसतं बीपी. माझ्याकडचे घाल.’

‘अगं, पण माझ्या आईचे गुडघे?’

‘गुडघे काय, माझ्या आईचेही गेलेत. शिवाय तिला पित्ताचे खडे आहेत.’

लग्न जमवताना जी दुखणी दोन्ही घरांनी कसोशीने दडवली, ती इथे अभिमानाने मांडली जातात. ज्यांच्या घरी दोघंही नोकरी करतात ते सुटतात. प्रत्येकाने आपापले आईवडील आपापल्या कंपनीत घालावेत. एकाच पगारावर घर असेल, तर निर्णय एकाच निकषावर घ्यावा : कोणत्या जोडीला बाहेर स्वतंत्र विमा मिळणं जास्त अवघड आहे? वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या गटविम्यात ही अट बहुधा नसते, पहिल्या दिवसापासून जुनं दुखणं धरलं जातं. तेव्हा ज्यांची फाईल जाड, त्यांना कंपनीत घ्या आणि ज्यांची पातळ, त्यांना बाहेर पॉलिसी काढून द्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, हेही त्या जोडीला सांगावं. आपल्याला डावललं असं वाटत नाही.

आईवडिलांचं स्वतःचं मत वेगळंच असतं. ‘मला काय धाड भरलीय?’ असं बाबा सकाळच्या तीन गोळ्या गिळता गिळता विचारतात. ‘कशाला उगाच पैसे घालवतोस?’ ही आईची पुरवणी. मग जुलैत शेजारच्या काकूंचे दोन्ही गुडघे कॅशलेस बदलून होतात आणि आई पोळ्या लाटताना सहज विचारते, ‘अरे, आपल्याकडे ते कॅशलेस आहे ना रे?’ तेव्हा खिडकी बंद होऊन तीन महिने झालेले असतात.

आईवडिलांना घ्यायचं ठरलं तरी पोर्टल जन्मतारीख विचारतं. महाराष्ट्रातल्या एका पूर्ण पिढीचा जन्म १ जूनला झाला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, घरच्यांना आठवेना, गुरुजींनी शाळा उघडायच्या बेताची तारीख ठोकून दिली. त्यामुळे आई १ जून, वडील १ जून, सासरे १ जून. पोर्टल ‘डुप्लिकेट एंट्री’ म्हणून ओरडतं. त्यात आधारवर आईचं नाव सासरचं, पॅनवर माहेरचं आणि बँकेत आद्याक्षरांचं. या तिन्ही बायका एकच आहेत, हे हॉस्पिटलच्या काउंटरवर रात्री दोन वाजता सिद्ध करण्यापेक्षा आत्ताच जुळवून घेतलेलं बरं.

यानंतरचा कळीचा शब्द ‘रूम रेंट’. बाकी पीडीएफ वाचली नाही तरी चालेल, ही ओळ शोधा. समजा विमा पाच लाखांचा आणि खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पेशंटला ॲडमिट करताना मामा, आत्या, साडू असे सगळे जमलेले असतात. कोणीतरी म्हणतं, ‘जनरलमध्ये नको बाई, पैसे काय विमाच देणार आहे.’ मग १०,००० ची खोली घेतली जाते. टीव्ही असतो, सोफा असतो, मामा त्यावर झोपतो. डिस्चार्जच्या दिवशी कळतं की खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही निम्मेच पैसे मिळणार. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, एवढाच दिलासा. मामाची ती झोप भारतातल्या कोणत्याही पंचतारांकित हॉटेलपेक्षा महाग पडते. खोलीची मर्यादा नसलेला किंवा ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं स्पष्ट लिहिलेला पर्याय थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल, तर तो आधी घ्यावा. योगा मॅट नंतर.

वाढीव विम्यातही एक खाच आहे. ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ हे दोन पर्याय समोरासमोर दिसले की मराठी माणूस ‘सुपर’वाला टाळतो, नावातच भपका, म्हणजे लुबाडणार. पण फरक खरा आहे. समजा पाच लाखांच्या वरचं देणारी पॉलिसी आहे आणि वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणं आली. साधी टॉप-अप प्रत्येक आजारपण वेगळं मोजते, पाच लाखांच्या वर एकही गेलं नाही म्हणून काही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करते, आठ लाख, आणि वरचे तीन लाख देते.

आता वारसदाराचा रकाना. तो भरताना हात थांबतो, कारण तिथे आपण नसल्याचं गृहीत धरलेलं असतं. म्हणून नोकरीला लागताना बाविसाव्या वर्षी जे नाव घातलं तेच राहतं. भविष्यनिर्वाह निधीचा नियम मात्र कडक आहे. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर आपोआप रद्दबातल होतं, नवं करावं लागतं. लग्नाला पाचशे पत्रिका वाटणारे आपण, एक पत्रिका पीएफला पाठवत नाही. त्या पीएफला जोडून ईडीएलआय नावाची विमा योजना १९७६ पासून आहे. कामगाराच्या खिशातून एक पैसा जात नाही आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. घरी बायकोला, आईला हे नाव तरी माहीत आहे का, विचारून पाहा. नवऱ्याच्या ओटीटीचा पासवर्ड सगळ्या घराला पाठ असतो, पीएफचा यूएएन क्रमांक कोणालाच नाही.

आणि याच शहरात काही माणसं अशी आहेत ज्यांच्यासाठी ही खिडकीच नसते. तुर्भ्याच्या बाजारात जो माथाडी तुमची हापूसची पेटी डोक्यावरून उतरवतो, त्याला कोणी ‘गोल्ड की प्लॅटिनम’ विचारलं नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि माथाडी मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि औषधोपचार बघायचे. कोपरखैरण्यात माथाडींचं स्वतःचं रुग्णालय आहे. आपल्या आयटी पार्कच्या गेटवरचा सुरक्षारक्षक बघा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना राज्य कामगार विमा लागू होतो. मूळ कायदा १९४८ चा. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, वाशीला रुग्णालय आहे, आणि अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात.

तिथे रांगा आहेत, कुरबुरी आहेत, आणि तो पगार कोणी हौसेने घेत नाही. पण परिणाम बघा. गेटवर सलाम ठोकणाऱ्याचे आईवडील विम्यात असतात आणि सलाम घेणाऱ्या सीनियर मॅनेजरचे नसतात, कारण शुक्रवारी साडेपाचला त्याने ‘स्किप’ दाबलेलं असतं.

१९४८ आणि १९६९ साली ज्यांनी हे कायदे लिहिले, त्यांनी चार गोष्टींचा विचार केला : आजारपण, अपघात, म्हातारपण आणि मृत्यू. जिमची वर्गणी, पावलं मोजायची स्पर्धा आणि गिफ्ट व्हाउचर त्यांच्या ध्यानात आले नाहीत. आपल्या पोर्टलवर हेच चार विषय शेवटच्या पानांवर असतात आणि पावलांची स्पर्धा पहिल्या पानावर नाचत असते. म्हणून क्रम उलटा लावायचा. जो खर्च आपल्या खिशाला झेपतो, तो खिशातूनच करायचा, मग त्यावर शे-पाचशे वाचोत किंवा न वाचोत. जो खर्च झेपणार नाही, तोच विम्याच्या माथी मारायचा आणि त्यासाठी मिळतील ते सगळे वाढीव पर्याय बघायचे. आणि नोकरी सुटली की बहुधा शेवटच्या दिवशी गटविमाही सुटतो, हे लक्षात ठेवून एक छोटी पॉलिसी स्वतःच्या नावाने बाहेर ठेवायची. नोकरी सोडताना गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही नियमांत आहे. पण अर्ज मुदतीत करावा लागतो, निरोपाचा केक कापून झाल्यावर नव्हे.

एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे, असं म्हणाल तर पोर्टल उघडून चारच गोष्टी बघा : आईवडील, खोलीचं भाडं, सुपर टॉप-अप, वारसदार. अर्ध्या तासाचं काम आहे. बाकीचं शेजारच्या खुर्चीवरून उतरवून घेतलंत तरी हरकत नाही. मात्र शुक्रवारची आणि मुदतवाढीची वाट बघू नका. एकदा बंद झालेली ही खिडकी वर्षाच्या मध्ये उघडायची, तर बहुतेक कंपन्यांच्या नियमाने लग्न करावं लागतं किंवा मूल व्हावं लागतं, आणि हे दोन्ही उपाय कोणत्याही प्रीमियमपेक्षा महाग आहेत.